एकदाणी गहाण ठेवण्याआधी

प्रश्न : काका, नमस्कार. मी नागपूरला नंदनवनमध्ये राहते, शिवणकाम करते. धाकट्या भावाने मागच्या वर्षी फिटरचा आयटीआय पूर्ण केला. आठ महिन्यांपासून तो बुटीबोरीत ठेकेदाराकडे पॅकिंग लाइनवर आहे. आठ तासांची ड्युटी, हातात 13,500 रुपये. आता वर्धा रोडवरच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये मशीन मेंटेनन्स आणि ऑटोमेशनचा सहा महिन्यांचा कोर्स करायचा म्हणतो. फी 85,000. वर्ग दिवसभराचे, म्हणजे नोकरी सोडावी लागेल. कोर्स झाला की 18,000 ते 25,000 ची नोकरी लावून देऊ, असं ते सांगतात. बाबा नाहीत. आई तिची गळ्यातली सोन्याची एकदाणी गहाण ठेवायला तयार आहे आणि मला रात्री झोप लागत नाही. हो म्हणू का?
— एक बहीण, नंदनवन

उत्तर : ताई, हिंगण्याच्या एका कारखान्यात मी 31 वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. तुमच्या भावाला या कामात यायचंय याचा मला मनापासून आनंद आहे. पण आत्ता, या अटींवर हो म्हणू नका. का ते सांगतो.

85,000 हा अर्धाच खर्च आहे. नोकरी सोडली की सहा महिन्यांचे 81,000 बुडतात. म्हणजे घरातून 1,66,000 गेले, गहाणाचं व्याज वेगळं. कोर्सनंतर खरोखरच 18,000 मिळाले असं धरू. आजच्यापेक्षा महिन्याला 4,500 जास्त. 1,66,000 भरून निघायला 37 महिने लागतील. आणि पहिली नोकरी 15,000 चीच लागली तर? मग नऊ वर्षांच्या वर.

आता त्या 18,000 कडे नीट बघा. ते आठ तासांचे की बारा तासांचे? महिन्याचे 26 दिवस धरले तर भावाला आज तासाला साधारण 65 रुपये पडतात. बारा तासांच्या ड्युटीवर 18,000 मिळाले तर तासाला 58 सुद्धा पडत नाहीत. शिकून मजुरी कमी झाली की! जादा तासांना दुप्पट दर द्यावा लागतो असा कायदा आहे, पण ठेकेदाराच्या हजेरीपटावर तो किती वेळा दिसतो हे तुमच्या भावाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. म्हणून इन्स्टिट्यूटला विचारा : हा आकडा हातात येणारा की पीएफ वगैरे धरून, ड्युटी किती तासांची, आणि नोकरी कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराकडे?

मीही असा कोर्स केलाय. 1998 साली, पगारातून साठवलेले 6,000 भरून, संध्याकाळी ड्युटीनंतर सायकलने जायचो. बावीस पोरं आणि पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा संगणक, एकच. चार महिन्यांत माझा हात त्याला दोनदा लागला. बाकी सगळं फळ्यावर. सर्टिफिकेट मात्र छान मिळालं, ते अजून कपाटात आहे. ते पैसे मला आजही आठवतात, कारण त्या वर्षी बायकोला दिवाळीची साडी घेता आली नव्हती.

फळ्यावर शिकलेल्याचं पुढे काय होतं, ते सांगतो. एका मे महिन्यात, बाहेर 45 अंश, आमच्या कन्व्हेयरचा ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण, दुपारी दोनच्या सुमारास आपोआप बंद पडायला लागला. रिसेट केला की वीस मिनिटं चालायचा, पुन्हा बंद. नुकताच असा कोर्स करून आलेला एक हुशार पोरगा लॅपटॉप लावून पॅरामीटर बघत बसला. दीड तास. आमच्या जुन्या इलेक्ट्रिशियनने येऊन, ड्राइव्ह ज्या पेटीत बसवलेला त्या पॅनलच्या दारावरच्या जाळीपुढे हाताचा पंजा धरला. हवा आत जातच नव्हती. फिल्टर काढला तर बोटभर धूळ आणि कापसाचे तंतू. ड्राइव्हच्या पुस्तकात 40 अंशांपर्यंतच पूर्ण भार लिहिलेला, आणि पॅनलच्या आत भट्टी पेटलेली. फिल्टर झटकला, पंखा बदलला, लाइन सुरू. त्या पोराचं ज्ञान खोटं नव्हतं. मशीनजवळ उभं राहून काढलेले दिवस त्याच्यापाशी नव्हते. पुढे तो फार चांगला तयार झाला, पण प्लान्टमध्ये राहून.

ते दिवस भावाला फी न भरता मिळू शकतात. शिकाऊ उमेदवारीचा, म्हणजे अप्रेंटिसशिपचा, कायदा 1961 पासून आहे. 2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान 7,000 विद्यावेतन धरलं होतं. कंपनी जास्तही देऊ शकते. फिटरला साधारण वर्षभर. 7,000 च मिळाले तरी आजच्या पगारापेक्षा वर्षात 78,000 कमी पडतील. छोटी रक्कम नाही, मला कल्पना आहे. पण कोर्सच्या निम्म्याहून कमी आहे, एकरकमी भरायची नाही, आणि एकदाणी घरातच राहते. हेही सांगायला हवं की वर्ष संपल्यावर कंपनीने नोकरी द्यावीच असं बंधन नाही. तरी शेवटी परीक्षा पास झाला की राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं, आणि जाहिरातींमध्ये ते मागतात. कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं शिकाऊ उमेदवार घेतात, हिंगणा-बुटीबोरीच्या मोठ्या कंपन्याही. जिथे पंप, गिअरबॉक्स, कॉम्प्रेसर भरपूर आहेत अशी जागा निवडायला सांगा. बेअरिंग शाफ्टवर चढवताना ठोका आतल्या रिंगवर द्यायचा, बाहेरच्या रिंगवर दिला तर गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि महिन्याभरात आवाज सुरू होतो, हे वाचून कळतं. हाताला कळायला दहा-बारा बेअरिंगं स्वतः चढवावी लागतात.

मग ऑटोमेशन नको का? हवंच. पगार तिथेच वाढतो. पण वर्षभर प्लान्टमध्ये राहिल्यावर, संध्याकाळच्या किंवा रविवारच्या छोट्या कोर्सला, नोकरी न सोडता. तोवर त्याला काय येत नाही हे त्याचं त्यालाच कळलेलं असेल.

भाऊ तरी हट्ट धरेल. पोट्ट्यांना घाई असतेच, मलाही होती. तर फी भरण्याआधी त्याला एक दिवस इन्स्टिट्यूटमध्ये बसू द्या. एका पॅनलमागे किती पोरं आहेत ते त्याने मोजावं. मशीनमध्ये मुद्दाम करून ठेवलेला बिघाड शोधायला देतात का, ते पाहावं. मागच्या बॅचच्या चार मुलांची नावं मागावीत आणि दुपारी तीनला, पहिली पाळी सुटताना, गेटवर जाऊन त्यांना भेटावं. ‘पगार किती’ असं विचारू नये, ‘पगाराची स्लिप दाखवतोस का’ असं विचारावं. नावं द्यायला इन्स्टिट्यूटने टाळाटाळ केली तर मला दुसरं काही विचारायची गरज वाटत नाही.

आणि तो पॅकिंग लाइनवर आहे ना? तिथल्या मेंटेनन्स सुपरवायझरला त्याने विचारून पाहावं, ‘रविवारच्या शटडाउनला हेल्पर म्हणून येऊ का?’ मी सुपरवायझर असताना असं विचारणारी मुलं फार थोडी आली, आणि त्यातल्या एकालाही मी परत पाठवलं नाही.

शिकाऊ उमेदवारीचा अर्ज सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया संकेतस्थळावर भरायचा असतो. काही अडलं तर श्रद्धानंद पेठेतल्या शासकीय आयटीआयत जाऊन विचारा. निघण्याआधी आधार, दहावीची आणि आयटीआयची गुणपत्रिका शेजारी ठेवून तिन्हीवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघा. वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगपायीही अर्ज अडकतो.