झेब्रा फिंचची (पिंजऱ्यात पाळायचं छोटं पाखरू) पिल्लं घरट्याच्या मडक्यातून बाहेर आलीत, जमिनीवर बसून राहतात, वेगळी काढून हाताने भरवू का?

नाही. पिल्लं काढू नका, लव्हबर्ड काढा.

तुम्ही लिहिलंय की एकाच जाळीत झेब्रा, बेंगालीज (हेही छोटं फिंचच), लव्हबर्डच्या म्हणजे बजरीगरच्या दोन जोड्या आणि बाजारातून आणलेल्या दोन लाल मुनिया आहेत, आणि चार पिल्लं परवा बाहेर आली. हे वाचलं आणि जेवण अर्धं टाकून लिहायला बसलो, कारण हाच वाद आमच्या घरात पाच वर्षं झाली चालू आहे आणि समोरचा माणूस जावई असल्यामुळं मला तोंड उघडता येत नाही.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. घरामागं गोठ्याला लागून आठ बाय सहाची जाळी, वाऱ्याच्या बाजूनं तुराट्यांचा कुड बांधलेला. त्या वर्षी डिसेंबरात झेब्राच्या जोडीनं पाच अंडी दिली, चार फुटली. तेरा दिवसांत फुटली आणि एकोणिसाव्या दिवशी दोन पिल्लं बाहेर आली, म्हणजे सगळं वेळापत्रकानुसार, झेब्राची अठरा ते एकवीस दिवसांत बाहेर पडतातच. पहिले एक-दोन दिवस त्यांना धड उडता येत नाही, धपकन खाली पडतात आणि काळी चोच घेऊन कोपऱ्यात बसतात. बघणाऱ्याला वाटतं आजारी आहेत. नसतात.

नेमके त्याच दिवशी भाऊजी, म्हणजे तोच जावई, हुरड्याला आलेले. भाऊजींचं कोंबड्यांचं शेड आहे त्यामुळं पंख असलेल्या कुठल्याही वस्तूवर शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी बघितलं की लव्हबर्डची मादी जाळीवरून उतरली आणि एका पिल्लाचं बोट धरलं. ओरडले, आत शिरले, खालची दोन्ही पिल्लं उचलली, घरात आणून छोट्या पिंजऱ्यात ठेवली, वर साठचा बल्ब लावला, वाटीत कांगणी (राळ्याचे दाणे) टाकली आणि पुन्हा हुरडा खायला गेले. मी म्हणालो, भाऊजी याइचा बाप भरवते याइले, तर म्हणे, "तू काय सांगतं बे मले, हजार हजार पिल्लं काढतो म्या बल्बाखाली." माय मागून म्हणाली, जाऊ दे ना बापा, जवाई हाये. गेलं मग.

आता कोंबडीचं पिल्लू अंड्यातून निघालं की पहिल्या दिवशी स्वतः दाणा टिपतं, त्याला फक्त ऊब पाहिजे. फिंचचं तसं नाही. ते बाहेर आलं तरी पुढचे दोन-तीन आठवडे भरवूनच घेतं, आणि मायपेक्षा बापच जास्त भरवतो कारण माय तोवर पुढच्या अंड्यांच्या नादी लागलेली असते. ते मागतं पण वेगळ्याच तऱ्हेनं, पंख फडफडवत नाही, मान खाली घालून पिळल्यासारखी वाकडी करतं आणि चोच वर उघडून आ करतं, आतले काळे ठिपके दिसतात. माणसाच्या हाताला बघून ते असं करतच नाही, चोच घट्ट मिटून बसतं.

संध्याकाळी भाऊजी मला पिंजऱ्याजवळ घेऊन गेले, बघ म्हणे, खाऊन राहिले. खरंच दोन्ही वाटीत चोच मारत होते. मी वाटी काढली आणि फुंकर मारली. काहीच उडालं नाही. दाणा फोडून खाल्ला असता तर वर फोल राहिलं असतं ना, फुंकरीसरशी उडालं असतं. जसे टाकले तसे दाणे. पिल्लं नुसती चोच मारून खेळत होती, दाणा सोलायचं बळ अजून चोचीत आलंच नव्हतं.

रात्रीच परत जाळीत सोडायला पाहिजे होती, मी सोडली नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक गेलं, तिसऱ्या दिवशी पहाटे दुसरं. पिल्लाच्या मानेपाशी दाण्याची पिशवी असते, बाजूची पिसं फुंकून पाहिली तर चामडीतून दाणे दिसतात. दोघांचीही रिकामी, चिपकलेली.

मागं मडक्यात राहिलेली दोन दुसऱ्या दिवशी बाहेर पडली. डिसेंबरची थंडी, बल्ब नाही काही नाही, नुसता तुराट्यांचा कुड. दिवसभर बापाच्या मागं मागं, रात्री मडक्यात परत. दोन्ही जगली. बल्बाखालची मेली आणि थंडीतली जगली, तरी भाऊजी प्रत्येक लग्नात सांगतात की याच्या पाखराइले गारठा लागला, मी वाचवायले गेलो होतो. साधा हिशोब आहे, पण पंगतीत बसून जावयाला हिशोब कोण सांगणार.

तर तुमचं. खोल पाण्याचं भांडं आधी उचला, पिल्लू त्यात बुडतं, मातीचं परळ ठेवा आणि त्यात दोन-चार गोटे टाका. भिजवून कोंब आलेली कांगणी आणि उकडलेलं अंडं सकाळी ठेवा, थंडीतसुद्धा दुपारनंतर उरलेलं फेका, नाहीतर मुंग्या आणि बुरशी. कॅल्शियमसाठी समुद्रफेस असेलच. पिल्लं रात्री मडक्यात परत जातात की नाही तेवढं बघा, जात नसतील तर अंधार पडायच्या आत हातानं आत ठेवा, त्यानं आई-बाप टाकत वगैरे नाहीत. दुसरं एक मडकं टांगा, मादीनं पहिल्यात पुन्हा अंडी घातली तर ही पोट्टी त्यावरच झोपतात आणि घाण करतात.

वेगळी काढायची ती पस्तीस-चाळीस दिवसांची झाल्यावर, चोच काळीची नारिंगी व्हायला लागली की. तेव्हाही आधी फुंकर मारून बघायची. आई-बाप दोघंही मेले तरच हातानं भरवायचा विचार करा, पण जवळपास कोणाकडं बेंगालीज पिल्लांवर असेल तर सरळ तिच्या घरट्यात द्या. गोल्डियन फिंच पाळणारे उगाच बेंगालीज ठेवत नाहीत, आपली पिल्लं तिच्याकडूनच वाढवून घेतात.

लव्हबर्ड म्हणजे तीस-चाळीस ग्रॅमचं वाकड्या चोचीचं पाखरू, झेब्रा जेमतेम बारा ग्रॅमचा. एकत्र छान राहतात म्हणणारे दुकानदार असतात, त्यांना दोन्ही विकायचे असतात. मोठी पाखरं उडून जातात म्हणून निभतं, जमिनीवर बसलेलं पिल्लू कुठं उडणार.

लाल मुनिया मात्र देशी आहे, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ती पाळणं गुन्हा आहे. झेब्रा ऑस्ट्रेलियाचा, बेंगालीज पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातलाच, त्यांचं वेगळं. बाजारात राजरोस मिळते म्हणून चालते असं नाही. वनविभागाला फोन करून देऊन टाका, पोस्ट टाकून फोटो दाखवत बसू नका.

आणि आपल्याकडं होळी झाली की मडकी काढून घ्यायची. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, ओलं पोतं टांगून मोठी पाखरं निभतात, टिनाखालच्या मडक्यातली पिल्लं उकडून निघतात.

आता खरं सांगायचं तर लव्हबर्ड त्या जाळीत मीच सोडले होते, दुसरा पिंजरा बनवायचे पैसे वाचवायला. भाऊजींनी पिल्लू सोडवलं ते बरोबरच केलं, तेव्हाच लव्हबर्ड बाहेर काढून पिल्लू आत ठेवलं असतं तर विषय संपला असता. आणि बोट चावलेलं पिल्लू त्या दोघांतलंच एक होतं, ते जखमेनं गेलं असं भाऊजी म्हणाले तर मी नाही म्हणणार नाही. पण दुसरं धडधाकट होतं, त्याचं काय ते सांगा.

भाऊजी, वाचत असाल तर तुमचा बल्ब अजून आमच्याकडंच आहे. चालू आहे. आले की घेऊन जा.