ऑफिसच्या बागेत आधी पाण्याची वाट

अनेक आशीर्वाद.

रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या ऑफिसचा तुझा नकाशा पाहिला. झाडं छान मांडली आहेस, पण पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार, याची एक रेघही त्यात नाही. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. १००० चौरस मीटर आवारावर दिवसात १०० मिलिमीटर पडला की १ लाख लिटर पाणी झालं. पेव्हर ब्लॉक घातलेत, म्हणजे उतार वाफ्यांकडे असला तर ते तिथेच शिरणार.

जागा कातळावर आहे. जांभ्या दगडात १ मीटर लांब-रुंद-खोल खड्डा खणला की लगेच माती भरू नकोस. आधी पाण्याने भर आणि दुसऱ्या दिवशी बघ. पाणी तसंच दिसलं तर तो खड्डा नव्हे, टाकी आहे. त्यात लावलेला सोनचाफा जुलैत पिवळा पडतो, माळी त्याला भूक लागली समजून युरिया घालतो आणि खाली मुळं कुजत असतात. अशा खड्ड्याच्या तळापासून उताराकडे चर फोडून बाहेर काढ आणि त्यात खडी भर. कातळ फोडणं परवडत नसेल तर चिऱ्याचा दीड-दोन फूट उंच ओटा बांध, खालच्या थरात पाणी निघायला भोकं ठेव आणि लहान झाडंच लाव. भरायला दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. समुद्रकाठच्या पुळणीची वाळू फुकट मिळते म्हणून मिसळू नकोस, तिच्यात मीठ असतं.

पश्चिमेचा खारा वारा अडवायला पहिली रांग उंडी, करंज, भेंडीच्या झाडांची (भाजीची भेंडी नव्हे). त्यांच्या आड बकुळ, तगर, एक्झोरा. कण्हेर चिवट खरी, पण विषारी, कॅन्टीनजवळ नको. पार्किंगवर माड तर अजिबात नको, गाडीची काच कोण भरून देणार?

लॉनचा हट्ट मालक धरणारच. त्यांना हिशेब दाखव: एप्रिल-मेमध्ये चौरस मीटरला रोज ४-५ लिटर, म्हणजे ५०० चौरस मीटरला २००० ते २५०० लिटर. तेव्हाच विहिरी तळ गाठतात. दारापुढे १०० चौरस मीटर पुरे. खाडीजवळची बोअर असेल तर पाणी मचूळ, म्हणजे खारट, आहे का ते आधी तपासून घे, नाहीतर पानांच्या कडा करपतील आणि दोष खताला जाईल.

खत जून-जुलैच्या धारेत टाकणं म्हणजे गटाराला घालणं. पाऊस ओसरला की दे. फांद्यांची छाटणी मात्र मे संपायच्या आत. पावसात गोगलगाई येतात. संध्याकाळी ओलं गोणपाट अंथर, सकाळी उलटून वेचून साबणाच्या पाण्यात टाक.

आतल्या कुंड्या जास्त पाण्यानेच मरतात, कारण शिपाई, पाहुणे, साहेब सगळेच पाणी घालतात. एकच माणूस ठरव. बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. खालच्या ताटल्या आठवड्याला रिकाम्या करून घासायच्या, त्यात डेंग्यूचे डास होतात. हे काम करारात लिहून घे; तोंडी ठरलेलं कोणी करत नाही.

नकाशा परत पाठवशील तेव्हा त्यावर उताराचे बाण आणि नळांच्या जागा हव्यात. झाडांची नावं नंतर बघू.