वाचकांचे प्रश्न : यंत्राला प्रश्न विचारण्याची सुरुवात

गेल्या अंकात संगणक आणि भाषा या विषयावर आलेल्या लेखानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझी नात मोबाइलला मराठीत प्रश्न विचारते आणि तो चटकन उत्तर देतो. माणसाच्या रोजच्या भाषेतल्या प्रश्नाला संगणकाने उत्तर द्यावे, असा प्रयत्न मुळात कोणी केला? त्या यंत्राला प्रश्न खरोखर कळत होता का?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, कराड

उत्तर : ‘पहिला’ हा शब्द अशा ठिकाणी जपून वापरावा लागतो, कारण १९५०च्या दशकाच्या अखेरीस काही छोटे प्रयोग झालेले होते. तरीही ज्याची सगळी रचना तपशीलवार छापून आली आणि पुढच्या संशोधकांनी ज्याच्याकडे पुन:पुन्हा बोट दाखवले, तो प्रयोग म्हणजे १९६१ साली अमेरिकेतील एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत बर्ट ग्रीन, ॲलिस वुल्फ, कॅरोल चॉम्स्की आणि केनेथ लॉफरी यांनी तयार केलेला ‘बेसबॉल’ हा प्रोग्रॅम होय. (कॅरोल चॉम्स्की या भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांच्या पत्नी, त्या स्वतःही भाषेच्याच अभ्यासक होत्या.) या प्रोग्रॅमजवळ बेसबॉल या खेळाच्या ‘अमेरिकन लीग’ या स्पर्धेच्या एका मोसमातील सामन्यांची माहिती होती, म्हणजे महिना, तारीख, मैदान, दोन्ही संघ आणि त्यांच्या धावा, याबाहेरच्या जगाची त्याला काहीही वार्ता नव्हती. विषय म्हणून खेळ निवडला तो करमणुकीसाठी नव्हे. सामन्याचा निकाल हे असे ज्ञान आहे की जे रकान्यांत नेमके मांडता येते आणि ज्याच्या खरेखोटेपणाबद्दल वाद होत नाही.

आता ‘रेड सॉक्स ७ जुलैला कुठे खेळले?’ असा प्रश्न इंग्रजीत दिला की काय घडे, ते पाहू. शब्दकोशातून प्रत्येक शब्दाचा अर्थ काढला जाई, पण हा अर्थ आपल्या शब्दकोशासारखा नसे. ‘रेड सॉक्स’चा अर्थ ‘संघ = रेड सॉक्स’, ‘जुलै’चा अर्थ ‘महिना = जुलै’, आणि ‘कुठे’चा अर्थ ‘ठिकाण = ?’ एवढाच. मग वाक्यातील नामांचे आणि शब्दयोगी अव्ययांचे गट कंसात बांधून कर्ता कोण आणि कर्म कोण हे ठरवले जाई, आणि शेवटी एक छोटी यादी उरे : संघ रेड सॉक्स, महिना जुलै, तारीख ७, ठिकाण रिकामे. सरकारी कचेरीतला अर्ज एका रकान्यापुरता कोरा ठेवून कारकुनापुढे सरकवावा, तसाच हा प्रकार. संगणक साठवलेल्या सामन्यांमधून या अर्जाशी जुळणारा सामना शोधी आणि कोरा रकाना भरून देई. उत्तरही तो सुबक वाक्यात देत नसे, यादीच्या रूपात छापून देई.

हे ऐकायला सोपे वाटते, पण ‘बॉस्टन’ हा शब्द आला की अडचण होई, कारण ते शहराचे नाव आहे आणि त्या शहराच्या संघासाठीही तेच वापरतात. आपल्याकडे रणजी सामन्यांच्या बातम्यांत ‘मुंबई जिंकली’ आणि ‘मुंबईत जिंकली’ यांतला फरक एका ‘त’वर तोलला जातो, तिथे इंग्रजी शब्दयोगी अव्यय पाहून तो निर्णय करावा लागे. या प्रोग्रॅमच्या मर्यादा तो लिहिणाऱ्यांनी स्वतःच स्पष्ट लिहून ठेवल्या आहेत : प्रश्नात एकच उपवाक्य हवे, ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांची जोडणी नको, ‘सर्वांत जास्त’ नको, आणि ‘रेड सॉक्स कधी लागोपाठ सहा सामने जिंकले का?’ असा क्रम पाहायला लावणारा प्रश्नही नको. उलट ‘प्रत्येक संघ प्रत्येक महिन्यात प्रत्येक मैदानावर निदान एकदा खेळला का?’ हा प्रश्न, जो आपल्यालाही कागद-पेन्सिलीशिवाय सुटणार नाही, तो सोडवण्याची तजवीज त्यात होती.

तेव्हा ‘कळत होता का’ याचे माझे उत्तर असे : रकान्याच्या भाषेत उतरवता येईल तेवढा प्रश्न त्याला पुरता कळे, आणि त्यापलीकडचा मुळीच कळत नसे. आजच्या यंत्रांच्या बाबतीत ही सीमारेषा इतकी स्वच्छ आखता येत नाही.

प्रश्न : माहिती आधीच तक्त्यात भरलेली असेल तर शोधणे सोपेच. पण उत्तर एखाद्या पुस्तकातल्या मजकुरात दडलेले असेल तर त्या काळी काय करीत?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : आपण नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या संस्थेत रॉबर्ट सिमन्स आणि त्यांचे सहकारी शेल्डन क्लाइन व केरेन मॅककॉनलोग यांनी १९६०च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात हाच प्रश्न हाती घेतला. त्यांच्या ‘प्रोटोसिंथेक्स’ या प्रोग्रॅमने मुलांसाठीच्या एका विश्वकोशाचा मजकूर घेतला, त्यातल्या अर्थवाही शब्दांची सूची केली, आणि प्रश्नातले शब्द ज्या वाक्यांत अधिकात अधिक सापडतील ती वाक्ये वर काढली. एवढे आपण ग्रंथालयातही करतो. खरी मेख पुढे होती.

त्यांचे गाजलेले उदाहरण असे : ‘किडे काय खातात?’ शब्दसूची पाहून ‘किडे गवत खातात’ हे वाक्य वर येते, तसेच ‘पक्षी किडे खातात’ हेही वर येते, कारण ‘किडे’ आणि ‘खाणे’ हे दोन्ही शब्द दोन्हींत आहेत. म्हणून प्रत्येक वाक्यातला कोणता शब्द कोणावर अवलंबून आहे याचा आराखडा काढून तो प्रश्नाच्या आराखड्याशी ताडून पाहावा लागे. मग ‘किड्यांकडून गवत खाल्ले जाते’ हे वळसा घेतलेले वाक्यही पकडता येई आणि पक्ष्यांचे वाक्य गळून पडे.

इंग्रजीत शब्दांचा क्रम ठरलेला असतो, त्यामुळे हे निदान क्रमावरून तरी काही अंशी साधते. मराठीत काय होईल ते करून पाहावे. ‘कोंबडी अळी खाते’ या वाक्यात दोन्ही नामे स्त्रीलिंगी, दोन्ही एकवचनी, दोन्हींना प्रत्यय नाही, आणि ‘खाते’ हे क्रियापद दोघींनाही तितकेच लागू पडते. ‘अळी कोंबडी खाते’ असे कोणी बोलण्याच्या ओघात म्हणून गेला तरी आपण गोंधळत नाही, कारण आपण अंगणात कोंबडी पाहिलेली असते. सिमन्स यांच्या यंत्राने अंगण पाहिलेले नव्हते.

याच सिमन्स यांनी १९६५ साली तोपर्यंतच्या अशा पंधरा प्रोग्रॅमांचा आढावा घेणारा लेख प्रसिद्ध केला. म्हणजे चारच वर्षांत एक शाखा म्हणण्याइतके काम उभे राहिले होते.

प्रश्न : मी आठवीला गणित शिकवते. शाब्दिक उदाहरणे वाचून सोडवणारा संगणक त्या काळात होता, असे कुठेतरी वाचले. मुलांना समीकरण मांडताना घाम फुटतो. यंत्राला ते कसे जमले?
— शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : तो प्रोग्रॅम ‘स्टुडंट’, एमआयटीत डॅनियल बॉब्रो यांनी १९६४ साली आपल्या प्रबंधासाठी लिहिलेला. त्यातले एक उदाहरण मुद्दाम देतो, वर्गात घालून पाहावे : ‘टॉमला मिळणाऱ्या गिऱ्हाइकांची संख्या ही त्याने दिलेल्या जाहिरातींच्या संख्येच्या २० टक्क्यांच्या वर्गाच्या दुप्पट आहे, आणि जाहिरातींची संख्या ४५ आहे, तर गिऱ्हाइके किती?’ ४५ चे २० टक्के ९, त्याचा वर्ग ८१, दुप्पट १६२. यंत्राने ‘टॉमला मिळणाऱ्या गिऱ्हाइकांची संख्या’ हा सबंध शब्दसमूह एक अज्ञात राशी मानला, म्हणजे आपण ‘क्ष’ मानतो तसा, आणि ‘चा वर्ग’, ‘दुप्पट’, ‘टक्के’, ‘आहे’ या शब्दांच्या जागी चिन्हे घातली. गिऱ्हाईक म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याची गरजही पडली नाही. (आपल्या वर्गातली काही मुलेही नेमके हेच करून गुण मिळवतात, हे आपण जाणताच.)

ही युक्ती कुठे फसते, हेही बॉब्रो यांनी लपवले नाही. इंग्रजीत ‘टाइम्स’ या एकाच शब्दाचे ‘गुणिले’ आणि ‘वेळा’ असे दोन अर्थ होतात. त्यामुळे ‘मी किती वेळा सिनेमाला गेलो ती संख्या’ अशा अर्थाचा शब्दसमूह यंत्र गुणाकार समजून बसे : अलीकडे ‘संख्या’, पलीकडे ‘मी सिनेमाला गेलो’, आणि मध्ये गुणिलेचे चिन्ह.

त्याच वर्षी त्याच संस्थेत बर्ट्रम राफेल यांनी ‘एसआयआर’ (सिमँटिक इन्फर्मेशन रिट्रीव्हल, म्हणजे अर्थावरून माहिती शोधणे) नावाचा प्रोग्रॅम पूर्ण केला, आणि मला तो स्टुडंटपेक्षा अधिक विचार करायला लावणारा वाटतो. त्याला छोटी छोटी विधाने सांगायची : माणसाला दोन हात असतात, हाताला पाच बोटे असतात, जॉन हा माणूस आहे. मग ‘जॉनला किती बोटे आहेत?’ असे विचारले की उत्तर १० येई, जे कोणी त्याला सांगितलेले नव्हते. माहिती अपुरी पडली तर तो तसे छापून मोकळा होई. इंग्रजीत ‘असणे’ या अर्थाचे क्रियापद शरीराच्या अवयवालाही चालते आणि मालकीच्या वस्तूलाही चालते. ते आले की यंत्र आधी ‘वाक्य संदिग्ध आहे, पण मी अवयव हा अर्थ धरतो’ अशा आशयाची सूचना देई आणि मग पुढे जाई. मराठीत ‘जॉनला दोन हात आहेत’ आणि ‘जॉनकडे दोन सायकली आहेत’ यांत प्रत्ययानेच निम्मे काम होते. निम्मेच म्हणतो, कारण ‘जॉनला दोन मुलगे आहेत’ यातही ‘ला’च येतो आणि मुलगे हे काही अवयव नव्हेत.

प्रश्न : हे सगळे प्रयोगशाळेतले खेळ झाले. यांपैकी एखाद्याचा कोणा खऱ्या गरजू माणसाला उपयोग झाला का?
— एक अभियंता, पणजी

उत्तर : अशा कसोटीला सर्वांत जवळ गेला तो ‘लूनर’. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी जुलै १९६९ मध्ये चंद्रावरून दगडमाती आणली, तिची रासायनिक पृथक्करणे झाली, आणि आकड्यांचे मोठे तक्ते संगणकात साठले. भूशास्त्रज्ञाला त्यातली एखादी गोष्ट हवी असेल तर एक तर प्रोग्रॅमिंग शिकावे लागे, नाही तर ते येणाऱ्याच्या पुढे वाट पाहत बसावे लागे. बोल्ट बेरानेक अँड न्यूमन या कंपनीतील विल्यम वुड्स यांनी नासासाठी असा प्रोग्रॅम तयार केला की भूशास्त्रज्ञाने आपल्या इंग्रजीत विचारावे, ‘जास्त अल्कली असलेल्या खडकांत ॲल्युमिनियमचे सरासरी प्रमाण किती?’ आणि आकडा मिळावा. वाक्याचे व्याकरण लावायचे, त्याचे एका काटेकोर शोधभाषेत रूपांतर करायचे, आणि मग ते तक्त्यावर चालवायचे, असे तीन टप्पे त्यात स्वच्छ वेगळे ठेवले होते.

यात ‘सगळ्या खडकांतील सरासरी’ आणि ‘प्रत्येक खडकातील सरासरी’ हा भेद जीवनमरणाचा ठरतो. पहिल्याचे उत्तर एक आकडा आहे, दुसऱ्याचे उत्तर आकड्यांची रांग. बोलताना आपण हे दोन शब्द सर्रास अदलाबदल करून वापरतो. वुड्स यांच्या कामाचा बराच भाग अशा शब्दांचा हिशेब ठेवण्यात गेला, आणि माझ्या मते त्यांच्या कामाचे खरे मोल तिथेच आहे.

जानेवारी १९७१ मध्ये ह्यूस्टन येथे चंद्रविज्ञानाच्या दुसऱ्या वार्षिक परिषदेत हा प्रोग्रॅम जमलेल्या शास्त्रज्ञांपुढे ठेवला गेला. त्यांनी विचारलेल्या १११ प्रश्नांपैकी सुमारे ७८ टक्क्यांना ठीक उत्तरे मिळाली. आणखी १२ टक्के प्रश्न शब्दकोशातल्या किरकोळ चुकांमुळे अडले, ज्या लगेच दुरुस्त होण्याजोग्या होत्या. आकडा मोठा वाटतो, परंतु विचारणारे सगळे एकाच विषयातले तज्ज्ञ होते आणि काय विचारणे रास्त आहे याची जाण घेऊनच ते आले होते, हे विसरून चालणार नाही. त्याच माणसांनी त्याच यंत्राला जेवणाची वेळ विचारली असती तर ही टक्केवारी पार घसरली असती.

प्रश्न : ‘संगणकासाठी संस्कृत हीच सर्वोत्तम भाषा, असे नासाने जाहीर केले’ हा संदेश दर दोन महिन्यांनी फिरत येतो. यात तथ्य किती?
— अनेक वाचक; पत्रे मुख्यतः पुणे आणि ठाणे येथून

उत्तर : नासाने असे जाहीर केलेले नाही. नासाच्या कॅलिफोर्नियातील एम्स केंद्राशी संलग्न असलेल्या एका संस्थेतील रिक ब्रिग्ज या संशोधकाने १९८५ साली एक लेख लिहिला, एवढा त्याचा उगम. प्रोग्रॅम संस्कृतात लिहावेत असे त्यात म्हटलेले नाही. भारतीय वैयाकरण वाक्याचा अर्थ उलगडून दाखवण्यासाठी जी काटेकोर शास्त्रीय संस्कृत वापरीत, तिच्यात आणि संगणकात अर्थ साठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जाळ्यांत (म्हणजे गोष्टी आणि त्यांची परस्परांशी नाती जोडून दाखवणाऱ्या आराखड्यांत) विलक्षण साम्य आहे, हा त्यांचा मुद्दा होता, आणि त्यासाठी त्यांनी ज्यांचा आधार घेतला त्यांत काशीत राहून लिहिणारे महाराष्ट्रीय वैयाकरण नागेशभट्ट हेही आहेत. संदेश पुढे पाठवणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक असती तर त्यांना अधिक आनंद झाला असता.

ब्रिग्ज यांनी घेतलेले वाक्य साधे आहे : ‘मैत्र हा स्नेहापोटी देवदत्तासाठी विस्तवावर भांड्यात भात शिजवतो.’ वैयाकरण त्याचे तुकडे करून शिजवण्याच्या क्रियेशी प्रत्येकाचे नाते सांगतात : कर्ता मैत्र, कर्म भात, अधिकरण भांडे, संप्रदान देवदत्त. ‘भात कोणासाठी?’ असे आता विचारावे. लिंकन प्रयोगशाळेतल्या त्या अर्जाप्रमाणेच एक रकाना कोरा राहतो आणि त्यात देवदत्ताचे नाव येऊन बसते.