स्टार फॉक्स झिरोमध्ये नेम सारखा सरकतो, काय करावं?

सेटिंगमध्ये जाऊन मोशन कंट्रोल (कंट्रोलर हलवून नेम धरणं) फक्त झेडआर बटण दाबल्यावरच चालू राहील असं करा आणि नेम सरकला की वाय बटण दाबा, तो परत मध्यावर येतो. निन्टेन्डोच्या वी यू कन्सोलवरच्या २०१६ च्या या गेममध्ये विमान स्टिकने वळतं पण बारीक नेम गेमपॅड (स्क्रीन असलेला कंट्रोलर) हलवून धरावा लागतो, म्हणून हात जरा तिरका झाला की सगळं बिघडतं. मी हा गेम पूर्ण खेळलोय, सुरुवातीला टीव्हीकडेच बघा, गेमपॅडच्या स्क्रीनवरचा कॉकपिट, म्हणजे वैमानिकाच्या जागेवरून दिसणारं दृश्य, फक्त मोठ्या शत्रूचा नेमका भाग फोडायचा असेल तेव्हाच. सवय व्हायला मात्र वेळ लागतो, पहिल्या एकदोन मिशनवरून गेम सोडू नका, खरंच छान आहे. जोडीला कोणी असेल तर एकाने उडवायचं, दुसऱ्याने गोळ्या मारायच्या, असंही जमतं.