गटातलं सगळं काम माझ्यावरच का येतं?

“मॅडम, शेतकऱ्यांशी बोलायचं मी, सरपंचांकडे जायचं मी, रात्री नोंदी लिहायच्या त्याही मीच. केरळच्या दोघी आपापसात मल्याळममध्ये बोलत बसतात, राजस्थानची तर खोलीबाहेरच येत नाही. मार्क मात्र सगळ्यांना सारखे. गट बदलून मिळेल का?”

ही तक्रार गुहागरकडच्या एका मुलीची. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण कार्यानुभवासाठी, सहा जणींचा गट दापोली तालुक्यातल्या एका गावात राहिला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) अखिल भारतीय कोट्यातून परराज्यातली मुलं आपल्याकडे येतात, त्यामुळे ही काळजी बऱ्याच गटांत असते.

तिला आधी एकच काम सांगितलं: गेल्या आठवड्यात कोणी काय केलं ते कागदावर मांडायचं. कागद भरला तेव्हा दिसलं, की एक्सेलमधले सगळे तक्ते आणि पीपीटी केरळच्या दोघींनी केली होती, आणि साप्ताहिक अहवाल राजस्थानच्या मुलीने टाइप केला होता. काम होत होतं, पण खोलीत बसून. गावासमोर मराठी मुलीच दिसत होत्या. बैठकाही तशाच चालायच्या. पडवीत मराठीतून पाच मिनिटांत ठरायचं आणि शेवटी हिंदीतून एक ओळ सांगितली जायची. केरळच्या मुलीला हिंदीही शिकूनच आलेली असते, हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं. ती गप्प राहिली की तिला मान्य आहे असं धरलं जायचं, आणि काम झालं नाही की बेजबाबदार म्हणायचं.

नुसतं एकत्र ठेवलं म्हणून माणसं जवळ येत नाहीत. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली त्यासाठी चार अटी मांडल्या: गटात बरोबरीचं स्थान, समान उद्दिष्ट, एकमेकांवाचून न होणारं काम आणि वरच्यांचा पाठिंबा. या गटाकडे उद्दिष्ट होतं, मार्गदर्शक शिक्षकही होते. गाडी अडली होती बरोबरीवर आणि कामाच्या वाटणीवर.

म्हणून वाटणी बदलली. शेतकऱ्याकडे जोडीने जायचं, एक मराठी आणि एक परराज्यातली. दर आठवड्याला जोड्या बदलायच्या. एकीने विचारायचं, दुसरीने लिहायचं आणि फोटो काढायचे. दोन-तीन वाक्यं झाली की थांबून सांगायचं. इथे हमखास घोटाळा होतो: शेतकरी पाच मिनिटं करप्याबद्दल बोलतो आणि सोबतिणीला कळतं एवढंच, की “रोग पडलाय.” मग तिच्या वहीत काही उरत नाही आणि तिचं लक्ष उडतं. म्हणून त्याच रात्री पंधरा मिनिटं दोघींनी नोंदी ताडून पाहायच्या. परराज्यातल्या मुलींनी दहा मराठी वाक्यं पाठ करायची: नमस्कार, स्वतःची ओळख, “फोटो काढू का?”, “भाताची जात कोणती?” उच्चार चुकला तरी चालतो. गावकरी हसतात आणि जास्तच बोलतात.

बैठक वीस मिनिटांची. पहिली दोन मिनिटं प्रत्येकीने आपलं मत आपल्या भाषेत लिहायचं, मग क्रमाने सगळ्यांना समजेल अशा साध्या इंग्रजीत बोलायचं. मधे तोडायचं नाही. ठरलेलं काम, करणारीचं नाव आणि वेळ ग्रुपवर इंग्रजीतच टाकायची.

गावनकाशाच्या दिवशी फरक दिसला. अंगणात रांगोळीने नकाशा काढताना रांगोळी केरळच्या मुलीच्या हातात दिली होती. तिने पऱ्या, म्हणजे ओढा, वाडीच्या चुकीच्या बाजूने नेला. एका काकूंनी तिचा हात धरून तो वळवला, मग विहीर कुठे, पाणंद कुठे, हे बायकाच दाखवू लागल्या. त्या दिवशी दुभाषी लागली नाही.

तिसऱ्या आठवड्यात घडी विस्कटली. अहवालाची तारीख जवळ आली आणि लवकर उरकावं म्हणून जो तो जुन्या कामाकडे वळला. हे जवळपास प्रत्येक गटात होतं, म्हणून शेवटच्या आठवड्यातल्या जोड्या पहिल्याच दिवशी लिहून शिक्षकांना दाखवाव्यात. राजस्थानच्या मुलीचं खोलीत बसणंही तेव्हाच उलगडलं. ती शाकाहारी, स्वयंपाकघर एकच आणि तव्यावर रोज सुकट भाजली जायची. तिने सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. तिला वेगळा तवा दिला आणि सुकट मागच्या पडवीतल्या चुलीवर गेली.

तक्रार घेऊन आलेल्या मुलीला रोज तीन ओळी लिहायला सांगितल्या होत्या: काय दिसलं, मी काय अर्थ लावला, दुसरा कोणता अर्थ असू शकतो. ‘खोलीबाहेर येत नाही’ याखाली तिने ‘आखडू आहे’ असं लिहिलं होतं, आणि तिसरी ओळ कोरी होती. ती रिकामी ओळ घेऊनच तिने विचारायला जायचं होतं, आणि ती गेली. कौशल्य घडतं ते त्या विचारण्यात; अंदाज कितीही हुशारीचा असला तरी तो पडताळावा लागतोच.

प्रत्येक कुरबूर संस्कृतीची नसते. नीट समजावूनही कामाला टाळाटाळ करणारी मुलगी कुठल्याही राज्यातली असू शकते. तिची गोष्ट कामाच्या नोंदीसह शिक्षकांकडे न्यावी. आणि प्रांत, भाषा किंवा चेहरेपट्टीवरून कोणाला डिवचलं जात असेल, वाळीत टाकलं जात असेल, तर तिथे ‘जुळवून घे’ असं सांगणं अन्याय आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) रॅगिंगविरोधी नियमांत २०१६च्या दुरुस्तीने असा छळ रॅगिंगमध्येच धरला आहे, तेव्हा थेट महाविद्यालयाच्या रॅगिंगविरोधी समितीकडे लेखी तक्रार करावी.