बंपरच्या पोच्यासाठी विम्याचा क्लेम करावा का?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचले. डिचोलीला माहेरच्या अरुंद वाटेवर गाडी मागे घेताना चिऱ्यांच्या गडग्याचा कोपरा मागच्या बंपरला लागला, तळहाताएवढा पोचा पडला आणि रंगावर दोन ओरखडे उमटले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने बंपर बदलण्याचे ११,८०० रुपये सांगितले आणि क्लेम केल्यास आपल्याला फारसे भरावे लागणार नाही, असेही सुचवले. म्हापशाच्या गॅरेजवाल्याने पोचा काढून बंपर रंगवण्याचे ३,५०० रुपये सांगितले. आपल्या भावाने उकळते पाणी ओतून पाहायचा सल्ला दिला. गाडी १,२०० सीसीची आणि साडेचार वर्षांची आहे. पॉलिसीवर सध्या ४५ टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आहे, झीरो डेपचे (वापरामुळे घटलेली किंमत, म्हणजे घसारा, न कापण्याचे) संरक्षण नाही, जानेवारीत नूतनीकरण आहे आणि पुढच्या वर्षी दसऱ्याला ही गाडी विकून मोठी गाडी घेण्याचा आपला विचार आहे.

माझे मत आधी सांगतो: क्लेम करू नये आणि बंपर बदलूही नये. त्यामागचा हिशेब मात्र आपण स्वतः ताडून पाहावा, अशी माझी इच्छा आहे, कारण असा प्रसंग पुन्हा आला तर तोच हिशेब आपल्याला उपयोगी पडेल.

आपण जोडलेल्या अंदाजपत्रकात करासह बंपरचे ६,०००, रंगकामाचे ४,८०० आणि काढण्या-बसवण्याच्या मजुरीचे १,००० रुपये आहेत. विमा कंपनी यातले सगळे देत नाही. प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या सुट्या भागांवर गाडीचे वय कितीही असले तरी ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणजे बंपरचे ३,००० रुपयेच मंजूर होतील. रंगकामाच्या बिलापैकी २५ टक्के रक्कम साहित्याची धरतात आणि तिच्यावर ५० टक्के घसारा लावतात, म्हणून तिथे ६०० रुपये कमी होऊन ४,२०० राहतील. मजुरी पूर्ण मिळेल. या ८,२०० रुपयांतून १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीसाठी प्रत्येक क्लेमला सक्तीने कापले जाणारे १,००० रुपये वजा केले की हाती ७,२०० रुपये येतात. उरलेले ४,६०० रुपये आपल्याच खिशातून जातील. म्हापशाचा गॅरेजवाला संपूर्ण काम ३,५०० रुपयांत करून देत असताना, विमा वापरून आपण त्याच्यापेक्षा ११०० रुपये जास्त भरणार आहात. बोनसचा विचार करण्यापूर्वीच क्लेम महाग ठरतो, ही गोष्ट सर्व्हिस सेंटरच्या खिडकीवर सहसा कोणी सांगत नाही.

आता बोनस. ही सवलत सलग एक वर्ष क्लेम न केल्यास २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के, अशी चढत जाते, आणि एका क्लेमने, तो कितीही लहान असला तरी, पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर येते. ती पॉलिसीतल्या ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर मिळते, कायद्याने सक्तीच्या थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीच्या) हप्त्यावर मिळत नाही. आपला ओन डॅमेज हप्ता बोनस वजा करण्यापूर्वी ७,००० रुपये आहे. क्लेम केला नाही तर जानेवारीत त्यावर ५० टक्के सूट मिळेल. केला तर ३,५०० रुपये आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून ४,१३० रुपये जास्त भरावे लागतील. त्यापुढे बोनस पुन्हा २० टक्क्यांपासून चढू लागेल आणि ५० टक्क्यांशी बरोबरी होईपर्यंत दर वर्षी ३०, २५, १५ आणि ५ टक्क्यांचा फरक पडत राहील. हप्ता तेवढाच राहिला असे धरले तर हे सगळे मिळून १०,३२५ रुपये होतात. विमा कंपनीकडून ७,२०० घ्यायचे आणि तिलाच १०,३२५ परत करायचे, असा हा व्यवहार आहे.

आपल्या बाबतीत तो याहूनही तोट्याचा ठरेल, कारण आपण गाडी बदलणार आहात. नो क्लेम बोनस गाडीला चिकटलेला नसतो, तो मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून बोनसचे पत्र घेतले तर तीच सूट नव्या गाडीच्या पहिल्या विम्यावर मिळते. मोठ्या नव्या गाडीचा ओन डॅमेज हप्ता १८,००० रुपये धरला, तर ५० टक्के म्हणजे ९,००० आणि करासह १०,६२० रुपये एका दिवसात वाचतात. आज क्लेम केला, तर जानेवारीत सुरू होणारे वर्ष पुढच्या दसऱ्यापर्यंत पूर्ण झालेले नसेल आणि त्या वेळी आपल्या नावावर बोनस शून्य असेल. जानेवारीचे ४,१३० आणि नव्या गाडीवरचे १०,६२० मिळून नुकसान १४,७५० रुपयांवर जाते. आपल्या संपूर्ण निर्णयात सर्वांत जड पारडे याच रकमेचे आहे, आणि पत्रात तिचा उल्लेखही नव्हता, म्हणून मी इतके विस्ताराने लिहिले.

आपण लिहिले आहे की साडेचार वर्षे हप्ते भरले, एकदाही काही घेतले नाही, ते पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. ही भावना मी समजू शकतो. हिशेबाने चालणाऱ्या घरांतही ती असते. पण त्या वर्षांत झुवारीच्या पुलाजवळ किंवा घाटात मोठा अपघात झाला असता, तर लाखाच्या खर्चाची जबाबदारी विमा कंपनीवर होती, आणि त्या निश्चिंतीची किंमत आपण भरत आलात. समोरून धडक बसून रेडिएटर, दिवे आणि बॉनेट गेले, तर बोनसचा क्षणभरही विचार न करता क्लेम करावा.

आता बंपरकडे येतो, कारण पाणी ओतून भागेल की ३,५०० रुपये खर्च होतील, हे त्या प्लास्टिकच्या अवस्थेवर ठरेल. हल्लीचे बहुतेक बंपर पॉलिप्रोपिलीनमध्ये रबरासारखा लवचिक घटक मिसळून साच्यात घडवलेले असतात. ठोकून ताणला गेलेला पत्रा आपणहून सरळ होत नाही, पण हे प्लास्टिक ऊब मिळाली की साच्यातल्या मूळ आकाराकडे परतू पाहते. पॉलिप्रोपिलीन वितळायला सुमारे १६० अंश सेल्सियस लागतात आणि उकळते पाणी १०० अंशांपुढे जात नाही, त्यामुळे पाण्याने ते मऊ होते, वितळत नाही. भावाचा सल्ला म्हणूनच अगदी योग्य आहे. हीट गनबद्दल असे म्हणता येणार नाही. तिची उष्णता सहज १६० अंशांच्या पलीकडे जाते आणि रंगाला फोड येतात.

पाणी ओतण्यापूर्वी काही गोष्टी नीट पाहाव्यात. पोच्याच्या काठावर चीर गेलेली नाही ना, बंपर बॉडीला जिथे मिळतो तिथली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे ना आणि आतले लॉक तुटलेले नाहीत ना, हे तपासावे. आपली गाडी जुलै २०१९ नंतरची असल्याने मागे पार्किंग सेन्सर आहेत. रिव्हर्स गिअर टाकून ते पूर्वीसारखे वाजतात का, हे पाहावे. सगळे ठीक असेल तर बंपर धुऊन चिखल काढावा, एकाने पोच्यावर उकळते पाणी सावकाश ओतावे आणि दुसऱ्याने जाड हातमोजे घालून खालून हात घालत आतून बाहेर दाबावे. सेन्सरच्या वायरींवर पाणी जाऊ देऊ नये. आकार आला की लगेच थंड पाणी ओतावे, म्हणजे तो तसाच राहतो. पसरट पोचा बहुधा निघतो. तीक्ष्ण कोपऱ्याने पडलेली घडी असेल आणि तिथे प्लास्टिक पांढरट झाले असेल, तर थोडी खूण राहील. भाजण्याचा धोका खरा आहे, म्हणून मुलांना दूर ठेवावे, आणि आतून हात पोहोचत नसेल तर ओढाताण न करता गॅरेजमध्ये जावे. तिथे बंपर उतरवून हे काम चांगले होते.

ओरखडे पाण्याने जाणार नाहीत, त्यांना रंगच हवा. मात्र तो गणेश चवथीपूर्वी करून घेण्याची घाई आपण करू नये, अशी माझी विनंती आहे. पावसाळ्यातल्या दमट हवेत, बंदिस्त पेंट बूथ नसलेल्या गॅरेजमध्ये दिलेल्या रंगाची चकाकी मंदावते, आणि चवथीच्या तोंडावर गॅरेजांत गर्दीही असते. समुद्राच्या खाऱ्या हवेत पत्र्यावरचा रंग उडाला असता, तर गंज धरेल म्हणून मी उलट सल्ला दिला असता; प्लास्टिक गंजत नाही, त्यामुळे दिवाळीपर्यंत थांबल्याने काहीही बिघडणार नाही. पॉलिप्रोपिलीनवर रंग मुळात नीट धरत नाही, म्हणून आधी प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर मारणार का, हे गॅरेजवाल्याला स्पष्ट विचारावे. तो वगळला तर वर्षभरात पापुद्रे निघू लागतात. नवा बंपर घेतल्यास रंग कारखान्यातला मिळेल, अशी आपली समजूत दिसते. सुटा बंपर बहुतेक वेळा न रंगवलेलाच येतो आणि तो वर्कशॉपमध्येच रंगवतात, त्यामुळे आपल्या चंदेरी मेटॅलिक छटेतला फरक तिथेही दिसू शकतो.

गाडी विकताना पोच्यामुळे किंमत पडेल, ही आपली काळजी रास्त आहे. पण क्लेमनंतरच्या पॉलिसीवर बोनस शून्य छापलेला असतो, आणि जाणता ग्राहक तो पाहून काय अपघात झाला होता, असे विचारतोच. म्हणजे तळहाताएवढा पोचा कागदावर मोठा होऊन बसतो.

आपल्या परिचितांनी नुकसान थोडे वाढवून लिहिले तर दारावरचे जुने ओरखडेही त्याच क्लेममध्ये निघतील, असे सुचवले आहे. तसे करू नये. ती खोटी माहिती ठरते, आणि प्रामाणिकपणे पाहिले तरी प्रत्येक घटनेचा क्लेम वेगळा धरला जातो व प्रत्येक वेळी ते १,००० रुपये वेगळे कापले जातात.

आपल्याकडे झीरो डेप असते, तर कंपनीने १०,८०० रुपये दिले असते; तेव्हा ही जुनी गाडी ठेवायचीच असेल तर मिळणारी आणि बोनसपोटी जाणारी रक्कम जवळजवळ सारखी झाली असती, आणि बोनस राखणारे संरक्षणही सोबत असते, तर मी क्लेम करा म्हटले असते. नव्या गाडीचा विमा घेताना ही दोन्ही संरक्षणे किती हप्ता वाढवतात आणि वर्षाला किती क्लेमपर्यंत चालतात, हे अवश्य विचारावे.

३,५०० रुपयांसाठी नव्या गाडीचे आवर्ती ठेवीतले पैसे मोडण्याची किंवा क्रेडिट कार्डावर हप्ते पाडण्याची गरज नाही. दिवाळीपर्यंत दर महिन्याला हजारेक रुपये बाजूला ठेवले तरी रक्कम जमेल. जानेवारीत नूतनीकरणाच्या कागदावर ५० टक्के बोनस छापला आहे, याची खात्री करावी, आणि मुदत उलटू देऊ नये. ती संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर बोनस जातो. दसऱ्याला गाडी विकाल तेव्हा मालकी बदलल्याची कागदपत्रे देऊन विमा कंपनीकडून बोनसचे पत्र लगेच मागून घ्यावे. ते ३ वर्षे चालते, त्यामुळे नवी गाडी थोडी लांबणीवर पडली तरी चिंता नको.