आजीचं ऐकायचं, पण सगळंच?

तुमचं पत्र वाचलं. आजी गेल्या तेव्हा परदेशातून यायला रजा मिळाली नाही, दहावा-तेरावा फोनवरच पाहावा लागला, याची बोच ओळीओळीत जाणवली. त्यात नवऱ्याशी खटके उडताहेत आणि आई म्हणते, "आजी असती तर म्हणाली असती, बाईनं पडतं घ्यावं." आजींचं हे ऐकलं नाही तर आपण त्यांना विसरलो असं होईल का, असं तुम्ही विचारता. नाही होणार, हे आधीच सांगते.

आजींचं लग्न साठच्या दशकात, सोळाव्या वर्षी झालं असं तुम्ही लिहिलंय. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात मुलीचं किमान वय १५ होतं, १९७८ साली ते १८ झालं. घटस्फोटाची तरतूद त्या कायद्यात होती, पण नवऱ्याचं घर सोडून जायचं कुठे? वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतका वाटा महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला आणि त्यातून आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. हाती पगार नाही, माहेरी हक्काची जागा नाही, अशा बाईनं पडतं घेऊनच घर सांभाळलं. आजींनी नातीला तेच सांगितलं, कारण त्या स्वतः त्यावर तरल्या होत्या. तुमची परिस्थिती वेगळी आहे. तो सल्ला त्यांच्या काळाचा म्हणून मानानं बाजूला ठेवा.

पण पत्राच्या शेवटी तुम्ही त्यांचं आणखी एक बोलणं सहज लिहून गेलात, आणि मला ते फार मोलाचं वाटतं: "सासूशी बोलायचं ते स्वतः बोल, नवऱ्याच्या हाती निरोप धाडू नकोस."

परदेशातल्या कितीतरी घरांत नेमकं याच्या उलट चालतं. रविवारी व्हिडिओ कॉल लागतो, मुलगा आईशी बोलतो, सून स्वयंपाकघरातून हात हलवते. दिवाळीला कोण कुणाकडे जाणार, सासू-सासरे इथे किती दिवस राहणार, हे सगळं तोच दोन्हीकडे सांगत राहतो. दोघींचा राग त्याच्यावर निघतो आणि तुमच्यातल्या खटक्यांपैकी निम्मे तिथूनच येतात, असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं. सासूबाईंना आठवड्यातून एकदा तुम्ही एकट्यानं फोन करा. सुरुवात अवघडच जाईल. पण त्यांनी सहा महिन्यांसाठी तुमच्याकडे येण्याचा विषय त्यांच्याशी तुम्हीच काढा, प्रेमानं आणि स्पष्ट. नवऱ्यानंही तुमच्या आईवडिलांशी असंच थेट बोलावं. हा नियम दोघांना सारखाच.

"घरातलं भांडण लगेच माहेरी कळवू नये" हे आजींचं बोलणंही तुम्हाला पटत नाही. मला ते अर्धं पटतं. रात्री वाद झाला की तिकडे पहाट असते. आईला मेसेज जातो आणि ती दिवसभर काळजीत. तुमचं मात्र सकाळी मिटलेलं असतं, ते तिला कळवायचं राहून जातं. रोजच्या कुरबुरीला एक रात्र द्या. पण मारहाण, धमकी, पैसे किंवा पासपोर्ट काढून घेणं, घराबाहेर पडायला बंदी, यातलं काही असेल तर एक क्षणही थांबू नका. आईला सांगा, शेजाऱ्यांना सांगा, तुम्ही राहता तिथल्या पोलिसांना सांगा. असल्या गोष्टी पोटात ठेवणाऱ्या बायकांचे हाल आजींच्या पिढीनं जवळून पाहिलेत.

मुलांना पणजी कशी आठवावी, हा तुमचा शेवटचा प्रश्न. त्यांचे व्हॉइस मेसेज फोनमध्ये असतील तर आजच दुसरीकडे उतरवून ठेवा, फोन बदलला की ते हरवू शकतात. आजोबा आहेत, म्हणजे सवाष्ण गेलेल्या बाईसाठीची पितृपक्षातली अविधवा नवमी तुमच्या घरात पाळली जाईल. गुरुजी मिळाले नाहीत तरी त्या दिवशी आजींच्या आवडीचं रांधा आणि मुलांना त्यांच्याबद्दल खरं सांगा, त्यांचा तापटपणासुद्धा. मुलांना सोज्वळ पणजीपेक्षा चिडणारी, हट्टी पणजी जवळची वाटते.

आणि आजोबांना फोन करा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आजी कशावरून रुसायच्या, ते विचारा. त्यांच्या दुपारच्या झोपेनंतरची वेळ धरा, नवऱ्यालाही शेजारी बसवा.